दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धि

जत्रेच्या दुसऱ्या दिवशीं शेजारच्या घरून झांकलेल्या पातेल्यांत मटणाचा वांटा येतो. बोकड म्हसोबापुढें कापलेला आहे हें घरांतील सर्वांस ठाऊक असतें. शेजारीणही परकी नसते. बाळंतपणांत पहिलें गरम पाणी तिनेंच आणून दिलेलें असतें. आतां हा वांटा ठेवून घ्यावा कीं परत करावा? घरधनी म्हणतो, देव एकच आहे, म्हसोबा म्हणजे शेंदूर फांसलेला दगड, तेव्हां मांस तें मांस, ठेवून घ्या. त्याची बायको म्हणते, माझ्या घशाखालीं हें उतरावयाचें नाहीं. लहानपणीं ह्याच देवापुढें मीं लोटांगणें घातलीं आहेत, हा घांस घेतला तर मी पुनः तेथेंच जाऊन उभी राहिलें असें मला वाटेल. उंबऱ्याशीं बसलेली म्हातारी सासू, जिनें अद्याप बाप्तिस्मा घेतलेला नाहीं, ती म्हणते, देवाचा प्रसाद परतवूं नये, घराला बाधतें. पातेलें एक, आणि त्याभोंवतीं मनें तीन.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस हा प्रसंग नवा नाहीं, आणि जगांतील ख्रिस्ती मंडळीसही तो नवा नाहीं. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील विश्वासणाऱ्यांनीं पौल प्रेषिताकडे हाच प्रश्न पाठविला होता. त्या शहरांत देवळांतून बळी दिलेल्या जनावरांचें मांस बाजारांत विकावयास येत असे, आणि मित्रांच्या घरीं जेवावयास बसलें असतां तेंच पानांत पडे. मंडळींत दोन तट पडले. पौलाचें उत्तर आमच्या उपदेशक बंधूंनीं पुष्कळ वेळां वाचलें असेल, परंतु त्यांतील एक विलक्षण गोष्ट बहुधा नजरेंतून सुटते. मूर्ति कांहींच नव्हे असें म्हणणाऱ्या पक्षाचें ज्ञान खरें आहे, हें तो स्पष्ट कबूल करितो. वादांत ज्याचें खरें, त्याच्या बाजूनें निकाल लागावा, अशी आपली अपेक्षा असते. पौल उलट, ज्याचें खरें त्यालाच मागें सरावयास सांगतो. कां? तर दुसऱ्या भावाची सदसद्विवेकबुद्धि दुर्बळ आहे. तो तुझें पाहून भीत भीत खाईल, आणि जें तुला निव्वळ जेवण, तें त्याला आपल्याच मनाशीं केलेला द्रोह होईल. रोमकरांस लिहितांना तो ह्याच्याही पुढें जातो. मनांत संशय असतांना जो खातो तो दोषी ठरतो, मग अन्न कितीही निर्दोष असो.

ह्या उत्तराचें वजन किती आहे ह्याचा विचार करावा. कृत्य चांगलें कीं वाईट एवढेंच पाहून भागत नाहीं. करणाऱ्याचें अंतःकरण त्यास काय म्हणतें हेंही पाहिलें पाहिजे. घरधन्यानें बायकोच्या तोंडांत तो घांस बळेंच घातला, तर घांस शुद्ध असूनही त्यानें तिजकडून पाप करविलें. आणि ही गोष्ट मांसाविषयीं खरी असेल, तर प्रार्थनेविषयीं, विश्वासाविषयीं, बाप्तिस्म्याविषयीं ती किती अधिक खरी असली पाहिजे!

पौलानें सदसद्विवेकबुद्धीस जो ग्रीक शब्द वापरला त्याचा मूळ अर्थ 'बरोबर जाणणें' असा आहे. मनुष्य एखादी गोष्ट करितो तेव्हां त्याच्या आंत कोणी साक्षीदार ती त्याजबरोबर पाहत असतो, असा त्यांतील भाव. आपला मराठी शब्द निराळ्या बाजूनें येतो: सत् काय आणि असत् काय ह्याची निवड करणारी बुद्धि. एका शब्दांत साक्षीदार आहे, दुसऱ्यांत पारखी आहे. दोन्ही मिळून वस्तु पुरी होते असें आम्हांस वाटतें, कारण साक्षीदार प्रामाणिक असला म्हणून त्याची पारख बरोबरच असेल असें नाहीं. स्तेफनास दगडमार करणाऱ्यांचीं वस्त्रें राखीत शौल उभा होता, तेव्हां त्याचें मन त्याला खात नव्हतें. येशूच्या नांवाविरुद्ध झटणें हें आपलें कर्तव्यच आहे असें आपणांस वाटत होतें, हें पुढें त्यानें अग्रिप्पा राजासमोर स्वतःच्या तोंडानें सांगितलें. मन स्वच्छ आणि वाट चुकलेली, असें होऊं शकतें.

तर मग चुकलेल्या सदसद्विवेकबुद्धीचा मान कशाकरितां राखावा? तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस ह्यानें असें उत्तर दिलें कीं, ती चुकलेली असली तरीही मनुष्यास बांधते. आणि उदाहरणही असें घेतलें कीं वाचणारा दचकावा. ख्रिस्तावर विश्वास ठेवणें ही मुळांत चांगली गोष्ट. परंतु एखाद्याची बुद्धि ती त्याजपुढें वाईट म्हणून मांडीत असेल, तर तशा स्थितींत तिकडे वळणारी त्याची इच्छा ही वाईटाकडेच वळलेली इच्छा होय. एवढें लिहून हाच पंडित दुसऱ्या ठिकाणीं असा भेद करितो कीं, ज्यानें विश्वास कधीं घेतलाच नाहीं त्याजवर बळजबरी करूं नये, पण एकदां घेऊन जो सोडतो त्याजवर करावी; आणि हट्टानें पाखंड धरून बसणाऱ्यास देहदंडही न्याय्य आहे. पायवाट त्याला दिसली, पण तिजवरून तो शेवटपर्यंत चालला नाहीं.

येथें एखाद्या मंडळीचे वयस्क पंच म्हणतील, हें तर मोकाट गुरांस उभें पीक मोकळें करून दिल्यासारखें झालें. उद्यां दारूबाज म्हणेल, माझें मन मला पी म्हणतें. भांडखोर म्हणेल, माझी सदसद्विवेकबुद्धि मला बांध कोरावयास सांगते. पंचांची भीति रास्त आहे. परंतु सदसद्विवेकबुद्धि आणि लहर ह्यांत ओळखूं येण्याजोगा फरक आहे. लहर नेहमीं मनुष्याच्या सोयीचें सांगते. सदसद्विवेकबुद्धि बहुधा गैरसोयीचें सांगते, आणि प्रथम ज्याची त्यालाच बांधते. त्या बायकोला मटण नको होतें असें नाहीं. वर्षांतून दोनदां घरांत मटण शिजतें. तें समोर असतांना तिनें हात मागें घेतला, हीच तिच्या शब्दाची खूण.

मोकळीक कोठपर्यंत, हें सांगण्यास रॉजर विल्यम्सचा एक दाखला आम्हांस फार सोईचा वाटतो. हा इंग्लंडांतून अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स वसाहतींत गेलेला पाळक. देव आणि मनुष्य ह्यांच्यामधील बाबतींत शिक्षा करण्याचा सरकारास अधिकार नाहीं, असें म्हणूं लागल्यामुळें १६३५ सालीं त्यास हद्दपार करण्यांत आलें, आणि १६३६ सालीं त्यानें प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. तेथेंही पुढें कोणी म्हणूं लागले कीं, आम्हांस मोकळीक आहे, सरकारचा हुकूम आम्ही मानणार नाहीं. तेव्हां १६५५ सालीं त्यानें गांवास एक पत्र लिहिलें. एका गलबतावर रोमन कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट, यहूदी आणि मुसलमान असे उतारू आहेत. जहाजावरील प्रार्थनेस कोणास ओढून आणूं नये, आणि कोणाची स्वतःची प्रार्थना बंद करूं नये. पण गलबत कोणत्या दिशेस हांकावें, शिस्त कशी राखावी, भाडें कोणीं द्यावें, हें ठरविण्याचा कप्तानाचा अधिकार त्यामुळें कमी होत नाहीं. बांध कोरणाऱ्यास उत्तर देण्यास पंचांस एवढें पुरे व्हावें.

आतां इतिहासाकडे वळतों, आणि तो आम्हां ख्रिस्ती लोकांस लाजविणारा आहे. मंडळी दुबळी होती तोंवर हा सिद्धांत तिला नीट समजत होता. कार्थेजच्या टर्टुलियनानें इ. स. २१२ च्या सुमारास रोमन अधिकाऱ्यास समजावून सांगितलें कीं, जुलमानें केलेली पूजा देवांच्याही काय कामाची? ३१३ सालीं छळ थांबला. त्यानंतर शंभर वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच, ३८५ सालीं, ट्रियर शहरांत पाखंडाच्या तंट्यांतून प्रिसिलियन नांवाच्या ख्रिस्ती बिशपास ख्रिस्ती बादशहाच्या हुकमानें ठार मारलें. तूरचा बिशप मार्टिन ह्यानें आधीं रदबदली केली होती. ती व्यर्थ गेली.

बळजबरी करणारे सगळे क्रूर होते असें मात्र समजूं नये. आगस्तीन हा प्रथम म्हणत असे कीं, फुटून निघालेल्या लोकांस केवळ बोधानें परत आणावें. पुढें बादशाही कायद्यांच्या धाकानें गांवेंच्या गांवें परत आलेलीं त्यानें पाहिलीं, त्यांतील कित्येक मागून उपकारही मानूं लागले, आणि त्याचें मत फिरलें. आधार त्यानें लूककृत शुभवर्तमानांतील मोठ्या जेवणाच्या दाखल्याचा घेतला, जेथें यजमान आपल्या चाकरास, रस्त्यावरील लोकांस आग्रहानें आंत आण, असें सांगतो. त्या एका वाक्यावर पुढें हजार वर्षें तुरुंग उभे राहिले. आम्हांस वाटतें कीं, आपल्याकडील पंगत ज्यानें पाहिली आहे त्याला हा दाखला समजावयास कठीण पडूं नये. यजमान पंगतींत फिरतो, आणखी एक पुरणपोळी वाढतो, नको म्हटलें तरी वाढतो. रस्त्यावरच्या भिकाऱ्याला तर हें आमंत्रण आपल्यासाठींच आहे हें पुनः पुनः सांगावें लागतें. हा आग्रह. पण पाहुण्याचे हात बांधून त्याच्या तोंडांत घांस कोंबणारा यजमान कोणीं पाहिला आहे? आणि तो चाकर निघाला तेव्हां त्याजबरोबर शिपाई दिले होते असें दाखल्यांत कोठेंही नाहीं.

आम्ही आपणांस प्रॉटेस्टंट म्हणवितों. हें नांव १५२९ सालच्या एप्रिल महिन्यांत जर्मनींतील स्पायर येथें भरलेल्या राजसभेंत पडलें. बहुमतानें ठराव झाला कीं, धर्मसुधारणा येथेंच थांबवावी. तेव्हां कित्येक राजांनीं आणि चौदा शहरांनीं निषेध नोंदविला कीं, देवाच्या आणि आत्म्याच्या तारणाच्या बाबतींत बहुमत चालत नाहीं, तेथें प्रत्येकानें देवापुढें स्वतः उभें राहून जाब द्यावयाचा आहे. उत्तम बोलणें! पण त्याच सभेंत, मोठेपणीं पुनः बाप्तिस्मा घेणाऱ्यांस देहदंड द्यावा, असाही कायदा झाला, आणि तो सुधारणेच्या पक्षाच्या मुलुखांतही पुढें अनेक ठिकाणीं बजावला गेला. आपल्या जिवावर बेतलें तेव्हां जें तत्त्व सांपडलें, तें दुसऱ्याच्या जिवावर बेतलें तेव्हां हरवलें.

ह्या हरवण्याचें सर्वांत दुःखद उदाहरण जिनीव्हा शहराचें आहे. मायकेल सर्व्हेटस हा स्पेन देशाचा वैद्य; हृदयांतून फुप्फुसांत आणि तेथून परत हृदयांत रक्त कसें जातें हें त्यानें १५५३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे. परंतु त्याच ग्रंथांत त्यानें त्रैक्याच्या मताचें खंडन केलें होतें. रोमन कॅथॉलिक अधिकाऱ्यांनीं त्यास फ्रान्सांत पकडलें. तेथून तो निसटला, आणि कां कोण जाणे, जिनीव्हास आला. १३ ऑगस्ट रोजीं उपासनेच्या ठिकाणीं लोकांनीं त्यास ओळखलें. कॅल्विन हा त्या शहरांतील मुख्य पाळक. त्याच्याच सांगण्यावरून सर्व्हेटसास कैद झाली. खटला नगरसभेनें चालविला, आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजीं शांपेलच्या टेकडीवर त्यास जिवंत जाळलें. जाळूं नये, शिरच्छेद करावा, एवढी दया कॅल्विनानें मागितली होती. तीही सभेनें ऐकली नाहीं. कॅल्विनाच्या ग्रंथांपासून आम्हीं पुष्कळ शिकलों आहों, म्हणूनच ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस बरें दिसत नाहीं.

ह्यावर प्रॉटेस्टंट लोकांतूनच जो आवाज उठला तो एका गरीब शिक्षकाचा होता. सेबास्टियन कॅस्टेलियो हा पूर्वीं जिनीव्हाच्याच शाळेचा मुख्य होता. कॅल्विनाशीं मतभेद होऊन तो बाझल शहरीं गेला आणि छापखान्यांत मुद्रितें तपासून पोट भरूं लागला. कुटुंब मोठें, मजुरी थोडी, आणि रात्रीं बायबलाचें भाषांतर चाललेलें. ऱ्हाइन नदीस पूर आला म्हणजे वाहत येणारीं लांकडें हा आंकड्यानें ओढून काढी आणि त्यांवर घर ऊब धरी. आमच्या नदीकांठच्या वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. पुरांतलें लांकूड जो काढील त्याचें. पण पुढें वाद पेटला तेव्हां कॅल्विनानें त्याजवर लांकडें चोरल्याचा आरोप छापून काढला! कॅस्टेलियोनें उत्तर दिलें कीं, तें लांकूड कोणाच्याही मालकीचें नव्हे, आणि मीं तें दिवसाढवळ्या काढलें आहे.

सर्व्हेटसाच्या मरणानंतर पांच महिन्यांनीं, मार्च १५५४ मध्यें, त्यानें टोपण नांवानें एक पुस्तक काढलें. त्यांत पाखंडी म्हणविल्या जाणाऱ्यांस मारूं नये असें सांगणारे जुन्या-नव्या आचार्यांचे उतारे एकत्र केले होते. ल्यूथराचा होता, आणि खुद्द कॅल्विनाच्या तरुणपणच्या लिखाणांतलाही एक होता. प्रस्तावनेंत त्यानें एक गोष्ट रचिली आहे. एक राजा प्रजेस सांगून जातो कीं, मी केव्हां येईन तें सांगत नाहीं, पण शुभ्र वस्त्रें तयार ठेवा. प्रजा वस्त्रें विसरली आणि भांडूं लागली: राजा कोठें आहे, घोड्यावर येईल कीं रथांतून, लवाजम्यानिशीं येईल कीं एकटा? भांडतां भांडतां सुऱ्या निघाल्या, आणि हे खून राजाच्याच नांवानें होऊं लागले. राजा परत आल्यावर काय म्हणेल, असें तो विचारतो. त्याचें मुख्य म्हणणें साधें होतें. जें सर्वांस स्पष्ट आहे, जसें देव एक आहे, चोरी वाईट आहे, त्याविषयीं तंटा होत नाहीं. तंटा जेथें होतो तेथें वस्तु अंधुक आहे म्हणूनच होतो. आणि अंधुक वस्तूकरितां मनुष्याचा जीव घेणें हा अन्याय. मनुष्य मारल्यानें मताचें रक्षण होत नाहीं, केवळ एक मनुष्य मरतो, असा त्याच्या पुढच्या पुस्तकाचा आशय आहे. तें पुस्तक त्याच्या हयातींत छापूं दिलें गेलें नाहीं. तें १६१२ सालीं हॉलंडांत छापून निघालें. कॅस्टेलियो १५६३ च्या डिसेंबरांत वारला, तेव्हांही त्याजवर आरोप चालूच होता.

सर्व्हेटसाच्या मरणास साडेतीनशें वर्षें झालीं तेव्हां, १९०३ सालीं, शांपेल येथें एक शिळा उभारली गेली. ती कोणीं उभारली? कॅल्विनाच्या अनुयायांनींच. आम्ही त्याचे कृतज्ञ पुत्र आहों, परंतु ही त्याच्या काळाची चूक होती, आणि सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यास आम्ही घट्ट धरून आहों, असा मजकूर तिजवर कोरलेला आहे. वडिलांचा मान राखून वडिलांची चूक कबूल करणें आपल्याकडे किती अवघड जातें हें ज्यास ठाऊक आहे, तो त्या शिळेची किंमत जाणील.

इकडे आमच्या देशांत ख्रिस्ती लोकांस हें स्वातंत्र्य बहुधा मागणाऱ्याच्या नात्यानेंच ठाऊक आहे. धर्म बदलल्यास वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क जाई. तो सन १८५० च्या २१ व्या कायद्यानें राखला गेला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें २६ जानेवारी १९५० पासून, २५ व्या कलमान्वयें, सर्व व्यक्तींस सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य सारखें दिलें आहे. सर्व व्यक्तींस, हे शब्द लक्षांत घ्यावे. त्यांत आमच्या घरांतील ती सासूही आली. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, धर्मप्रसाराच्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं. ह्या निकालाविषयीं ख्रिस्ती लोकांत पुष्कळ चर्चा झाली, आणि त्याचे परिणाम हा निराळा विषय आहे; परंतु एक मनुष्य दुसऱ्याचें अंतःकरण फिरवूं शकतो असें ख्रिस्ती मतही कधीं म्हणत नाहीं.

मागणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागेवर गेलें म्हणजे काय होतें, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत जसें दिसतें तसें आम्हांस दुसरीकडे कोठें दिसलें नाहीं. कारण त्या दोन्ही जागीं उभ्या राहिल्या. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयास राहिल्या, आणि २९ सप्टेंबर रोजीं लहानग्या मनोरमेसह त्यांनीं तेथें बाप्तिस्मा घेतला. लवकरच त्यांनीं प्रश्न विचारावयास आरंभ केला: त्रैक्याविषयीं, मंडळीच्या अधिकाराविषयीं, जुन्या मतांगीकारांतील शापवचनांविषयीं. सिस्टर जेराल्डिन, ज्यांस त्या पत्रांतून 'आजीबाई' म्हणत, त्यांस हा गर्व वाटला. जिनें आसरा दिला तिची मर्जी मोडणें परक्या देशांत एकट्या विधवेला सोपें नव्हतें. तरी रमाबाईंनीं कळविलें कीं, एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मान मोठ्या कष्टानें काढली आहे, ती दुसऱ्या जुवाखालीं घालावयाची नाहीं. देवाचें वचन मला बांधील, माणसाचा शब्द नव्हे. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजच्या मुख्य डोरोथिया बील ह्यांनीं मात्र धीर धरला आणि त्यांस विचारूं दिलें. ही पत्रें १९७७ सालीं छापून निघालीं. ज्यांस दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी वाहावी लागते त्यांनीं तीं अवश्य वाचावीं.

मग पारडें फिरलें. ११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. विधवा मुलींनीं आपापला धर्म पाळावा, कोणावर ख्रिस्ती धर्म लादूं नये, असा नियम होता. रमाबाई सकाळीं आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. पुण्यांत गहजब झाला. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूस झाले आणि पुष्कळ मुलींस पालकांनीं काढून नेलें. रमाबाईंचें म्हणणें, मी कोणास बोलावीत नाहीं आणि कोणास हांकलणारही नाहीं. माझ्या खोलीचें दार मी लावणार नाहीं.

आम्हांस वाटतें त्यांचें बरोबर होतें. तरीही टीकाकारांचा प्रश्न पोकळ नव्हता. जिला दुसरें घर नाहीं, जी ह्याच हातचें अन्न खाते, अशी बारा वर्षांची पोर त्या दारांतून आंत येते तेव्हां ती किती मोकळ्या मनानें येते? अर्थात्, हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच पोरीचें केशवपन करतांना तिच्या सदसद्विवेकबुद्धीस कोणीं विचारलें नव्हतें, आणि त्याबद्दल गहजब झाला नव्हता. पण दुसऱ्याचा दोष मोठा म्हणून आपणांस विचारलेला प्रश्न लहान होत नाहीं.

हाच प्रश्न आम्ही आपल्या उपदेशक बंधूंपुढें ठेवितों. तलवार आपल्या हातीं नाहीं, नगरसभा नाहीं, जाळावयास टेकडी नाहीं. पण भाकर आहे. वसतिगृहांतील जागा आहे, शिफारसपत्र आहे, शाळेंतील शिपायाची नोकरी आहे, दुष्काळांतील धान्य होतें. ज्यानें धान्य वांटलें त्यानेंच दुसऱ्या दिवशीं, बाप्तिस्म्याविषयीं काय ठरविलें, असें विचारलें, तर त्या 'होय' मध्यें भूक किती आणि विश्वास किती, हें कोण निवडणार? आणि जे मिशनच्या पगारावर राहिले, त्यांपैकीं कित्येकांनीं मनांत एक आणि सभेंत एक असें आयुष्य काढलें, हें आम्ही जाणून आहों. त्यांस भित्रे म्हणावयास जीभ वळत नाहीं, कारण त्यांचीं मुलें शाळेंत होतीं. अशा ठिकाणीं, प्रश्न विचारणारा आणि भाकर देणारा हात निरनिराळे ठेवावे, हा एवढाच उपाय आम्हांस सुचतो. एखादा सभासद दुसऱ्या मंडळींत गेला, किंवा जुन्या धर्मांत परत गेला, तर त्यास समजवावें, रडावें लागलें तर रडावें. पण त्याची विहीर, त्याचा सलाम आणि त्याच्या मुलाची शाळा तोडूं नये. हें आपल्या वाडवडिलांशीं गांवानें केलें होतें, तेव्हां त्याची चव आपणांस माहीत आहे.

घरांत तर हें अधिक कठीण. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो १९०० सालीं घेतला. ताटातुटीनंतर त्या परत नांदावयास आल्या, तेव्हां ख्रिस्ती नवऱ्याच्या घरांत त्यांचें स्वयंपाकपाण्याचें सोंवळें कांहीं काळ चालूच होतें. तें सुटलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें. मधल्या पांच वर्षांत त्या घरानें काय सोसलें तें त्यांनीं 'स्मृतिचित्रें' ह्या पुस्तकांत मोकळेपणीं लिहून ठेविलें आहे.

आतां तें पातेलें. बायकोच्या पानांत तें वाढूं नये, आणि तिला भित्रीही म्हणूं नये. घरधन्याचें ज्ञान खरें आहे, पण आज त्यानें चटणीभाकर खाल्ली तर त्याचें कांहीं जात नाहीं. सासूला खावयाचें असेल तर तिनें खावें. तिला वेगळें बसवूं नये, आणि तिचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत लिहिण्याची घाईही करूं नये. शेजारणीस सुनेनेंच जाऊन गोड शब्दांत सांगावें कीं, बाई, तुझी माया पोंचली, पण माझ्या मनाला हें चालत नाहीं, सासूबाईंनीं मात्र घेतलें. आणि पातेलें घांसून परत करतांना, आपल्या रीतीप्रमाणें तें रिकामें नेऊं नये. आंत मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा ठेवावा.